उबळ खोकल्याची, पंचाईत कपड्यांची: दमा आणि शौचावरचा सुटणारा ताबा

माझा दमा जुना, तीसेक वर्षांचा. त्याची लाज कधी वाटली नाही. पंप पर्समध्ये असतो आणि वेळ आली तर लग्नाच्या पंगतीतही काढून ओढते. पण चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शेजारून मिरचीच्या फोडणीचा खाट आला, उबळ काही थांबेना आणि त्या उबळीत कपडे खराब झाले. हे मात्र मी आठ महिने कोणालाही सांगितलं नाही. छातीचे डॉक्टर पोटाचं विचारत नव्हते, पोटाचे डॉक्टर छातीचं विचारत नव्हते आणि मी दोघांसमोर गप्प. त्या आठ महिन्यांत मी दोन चुका केल्या: बाहेर जायचं असलं की उपाशी राहायचं, आणि 'औषधांनीच पोट बिघडतंय' असं ठरवून रोजचा पंप बंद करायचा. दुसऱ्या चुकीने दमा बळावला, खोकला वाढला आणि गळणंही वाढलं.

पुढे जे शिकले ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

आधी हे होतं का, ते समजून घ्या

दम्यामुळे थेट शौचावरचा ताबा जातो, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण खोकला आणि ताबा यांचं नातं यांत्रिक आहे, ते नीट समजतं.

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतलं कडं आपल्या हुकुमाशिवाय, झोपेतसुद्धा आवळलेलं राहतं. बाहेरचं कडं आपण ठरवून आवळतो. शिवाय एक स्नायू मागून गोफणीसारखा वेढा घालून आतड्याचा शेवटचा भाग पुढे खेचून धरतो, म्हणजे नळीला वाक येतो आणि सहजासहजी काही खाली येत नाही. हे सगळं ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर तोललेलं असतं. आपण शांत बसलेलो असताना कड्यांचा दाब साधारण 50 ते 70 मिमी पारा असतो. जोरात खोकताना पोटातला दाब सहज 100 च्या पुढे जातो. म्हणून शरीराने सोय करून ठेवली आहे: खोकला आला की बाहेरचं कडं आपोआप आणखी घट्ट होतं. निरोगी माणसात ही झटापट कडंच जिंकतं.

अडचण उबळीची आहे. बाहेरचं कडं पूर्ण ताकदीने मिनिटभरही आवळून धरता येत नाही, थकतं. दम्याची उबळ मात्र दोन-तीन मिनिटं चालते, दिवसातून चारदा येते, रात्रीही उठवते. वर्षानुवर्षं असा मार बसला की तळाचे स्नायू ढिले पडतात. त्यात पूर्वीची इजा असली तर गळणं आणखी सोपं होतं. बायकांमध्ये ती बहुधा बाळंतपणातली असते: मोठी फाट, चिमट्याने केलेली प्रसूती. तेव्हा तिशीत जाणवलेलं नसतं, पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर डोकं वर काढतं. पुरुषांनी भगंदराची किंवा फिशरची शस्त्रक्रिया झाली असेल तर ती आठवावी, कारण त्यात कड्याचा काही भाग कापला गेलेला असू शकतो.

वाढलेलं वजन, मधुमेह आणि वारंवार बिघडणारं पोट या तीन गोष्टी गळण्यात भर घालतात. औषधांचाही वाटा आहे, पण त्यावर पुढे वेगळं लिहावं लागेल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

पहिली पायरी: थांबायला नको अशी लक्षणं

कंबरदुखीबरोबर अचानक ताबा गेला, मांड्यांच्या आतला किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी अडली, पायातली ताकद कमी झाली, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. मणक्यातल्या नसा दबल्याची ती खूण असू शकते आणि तिथे तास मोजावे लागतात. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत एकाएकी बदल, यांपैकी काही असेल तर घरगुती उपायांआधी तपासणी. दम्याच्या बाजूने: एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप ओढूनही आराम नसेल, तर 108 ला फोन करा. कपड्यांचं नंतर बघता येईल.

दमा असताना हातापायांना मुंग्या-बधिरपणा, अंगावर पुरळ आणि पोटदुखी-जुलाब असं एकत्र येत असेल तर तेही डॉक्टरांना एकाच वेळी सांगा. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढून होणारा एक दुर्मीळ आजार असा अनेक अवयवांत दिसतो, आणि तुकड्यातुकड्यांत सांगितला तर सापडत नाही.

दुसरी पायरी: दोन आठवड्यांची वही

साधी दोनशे पानी वही चालेल. रोज चार गोष्टी लिहायच्या: खोकल्याची उबळ कधी आली, शौच कसं होतं, काही गळलं का आणि त्याआधी काय चाललं होतं, आणि कुठली औषधं घेतली. शौचाचं वर्णन करायला जड जातं, म्हणून ब्रिस्टल तक्ता वापरा. त्यात 1 म्हणजे लेंड्यांसारखं कडक आणि 7 म्हणजे पाणी. 3-4 हे हवं असलेलं, केळ्यासारखं, एकसंध.

वहीतून एक महत्त्वाचा फरक कळतो. घाई लागली आणि संडासापर्यंत पोचता आलं नाही, हा एक प्रकार. तो बहुधा पातळ शौचाशी किंवा बाहेरच्या कड्याशी जोडलेला असतो. कळलंच नाही आणि कपड्यांना लागलं, हा दुसरा. तिथे आतल्या कड्याचा किंवा संवेदनेचा प्रश्न असतो. खोकल्याबरोबर गळणं कुठल्याही प्रकारात असू शकतं. माझ्या वहीत बारा दिवसांत पाच वेळा गळल्याची नोंद होती आणि पाचही वेळा शौच 6 नंबरचं. घट्ट असलेल्या दिवशी कितीही खोकले तरी काही झालं नव्हतं. अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

तिसरी पायरी: औषधांची पिशवी टेबलावर ओता

खरोखर ओता. दम्याची, साखरेची, रक्तदाबाची, पित्ताची, गुडघ्याची, आणि मेडिकलवाल्याने परस्पर दिलेलीसुद्धा.

ओढून घ्यायच्या पंपातल्या औषधाचा पोटाशी फारसा संबंध येत नाही. पावडरच्या पंपात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं म्हणून पोट बिघडतं, अशी शंका मला एका मैत्रिणीने घातली होती; पण ते प्रमाण इतकं किरकोळ असतं की दुधाचा त्रास असणाऱ्यांनाही त्याने सहसा जुलाब होत नाहीत. गोळ्यांची गोष्ट वेगळी. थिओफिलिन असलेल्या गोळ्या, म्हणजे आपल्याकडे घरोघरी ओळखीची डेरिफिलिन, यांनी मळमळ आणि पातळ शौच होऊ शकतं. आणि इथे एक सापळा आहे. जुलाब झाले म्हणून कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं, किंवा घरात उरलेलं आपणच घेतलं, तर ते थिओफिलिनची रक्तातली पातळी वाढवतं. मग उलट्या, धडधड, हातांचा थरकाप, फार वाढली तर झटकेसुद्धा. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिनही तसंच करतात. डेरिफिलिन चालू असेल तर जुलाबांवर कुठलंही ॲन्टिबायोटिक विचारल्याशिवाय घेऊ नका.

ॲन्टिबायोटिकांनी स्वतःही पोट सुटतं. आटोक्यात न येणाऱ्या दम्यात काही जणांना ॲझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा, महिनोन्महिने देतात. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 420 रुग्णांवर 48 आठवडे केलेल्या चाचणीत त्याने दम्याचे झटके कमी झाले, पण जुलाब औषध घेणाऱ्यांपैकी 34 टक्क्यांना झाले. नकली गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण 19 टक्के होतं. ज्याचा ताबा आधीच डळमळीत आहे त्याने ही गोष्ट औषध सुरू होण्याआधी बोलून घ्यावी.

प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ किंवा पुन्हा पुन्हा घ्याव्या लागल्या तर स्नायू अशक्त होतात, साखर वाढते, वजनही वाढतं. पण त्या मनाने एकदम बंद करणं धोक्याचं आहे. पंप नियमित घेऊन गोळ्यांची गरजच कमी करणं हा रस्ता.

साखरेच्या मेटफॉर्मिन गोळीने पातळ होत असेल तर हळूहळू विरघळणारा प्रकार मिळतो, विचारा. मॅग्नेशियम असलेली पित्तशामकं जुलाब करतात. रक्तदाबाची रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातली गोळी कोरडा खोकला लावते; मी अशा एकांना ओळखते ज्यांचा 'दमा वाढलाय' हा समज गोळी बदलल्यावर तीन आठवड्यांत मिटला. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप बद्धकोष्ठ करतं, आणि त्याचा उलटा परिणाम कसा होतो ते पाचव्या पायरीत येईल.

चौथी पायरी: आधी उबळ थांबवा

स्नायूंचे व्यायाम करत राहायचे आणि खोकला तसाच ठेवायचा, म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. गेल्या चार आठवड्यांकडे पाहून स्वतःला विचारा: दिवसा त्रास आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त झाला का? दम्याने रात्री जाग आली का? लगेच आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त लागला का? दम्यामुळे काही काम टाळलं का? एकालाही 'हो' असेल तर दमा पुरता आटोक्यात नाही.

नुसत्या साल्ब्युटामॉलच्या, म्हणजे लगेच आराम देणाऱ्या पंपावर दिवस काढणारे आपल्याकडे खूप. जागतिक मार्गदर्शक सूचना 2019 पासून स्पष्ट सांगतात की मोठ्या माणसांनी फक्त त्यावर राहू नये. सूज कमी करणारं स्टेरॉइडचं औषध पंपातून मिळायलाच हवं. 'पंपाची सवय लागते' हे तुम्हाला सांगणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्या आणि पंप घेत राहा.

पंप ओढायची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवा. दाबायचा पंप असेल तर हलवा, श्वास पूर्ण सोडा, हळू आत घेताना दाबा आणि दहा सेकंद श्वास धरा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, लावला तर औषध घशात कमी, छातीत जास्त जातं. पावडरचा पंप उलट जोरात आणि खोल ओढायचा. नंतर चूळ भरून थुंका. मी अकरा वर्षं पावडरचा पंप हळुवार ओढत होते, हे सांगायला आता काही वाटत नाही.

फोडणीचा खाट, उदबत्ती-धूप, दिवाळीतले फटाके, पावसाळ्यातल्या भिंतींची बुरशी, गाजरगवत, खिडकीतली कबुतरं: यांपैकी तुमचं कोणतं, ते वहीत सापडेल. रात्री आडवं झाल्यावर खोकला येत असेल तर आम्लपित्त तपासा.

पाचवी पायरी: शौच बांधा

पातळ मल धरून ठेवायला बळकट कडीही अपुरी पडतात. बांधलेला मल दुबळी कडीसुद्धा धरतात. म्हणून मला ही पायरी सगळ्यात लवकर फळ देणारी वाटते.

इसबगोल फक्त बद्धकोष्ठावर, असा समज आहे. ते पाणी शोषून पातळ मलालाही बांधतं. एक चमच्यापासून सुरुवात करा, आठवड्याने वाढवा, वर पेलाभर पाणी प्या. पण दमेकऱ्यांनी इथे सांभाळावं. इसबगोलाची कोरडी धूळ श्वासात गेली तर काहींना ॲलर्जी होऊन दमा उठतो. ते हाताळणाऱ्या कामगारांमध्ये आणि परिचारिकांमध्ये हे पाहिलं गेलं आहे. डबा तोंडापासून लांब धरा, आधी ओलं करा, मग ढवळा. डब्यात चमचा आपटून धूळ उडवायची नाही. घेतल्यावर ओठ सुजले, खाज सुटली किंवा छाती भरली तर पुन्हा घेऊ नका.

खाण्यात दूध दोन आठवडे बंद करून बघा. ताक-दही बहुतेकांना चालतं. शुगर-फ्री गोळ्या-च्युइंगममधला सॉर्बिटॉल पोट ढिलं करतो. चहाचं जरा वेगळं आहे: त्यातल्या कॅफिनने श्वासनलिका किंचित मोकळ्या होतात, म्हणून दमेकऱ्याला चहाने बरं वाटतं, आणि त्याच कॅफिनने आतडी जोरात हलतात. दिवसाचे पाच कप दोनवर आणा, आणि ते दोन घरी असताना प्या. बाहेर जाण्याआधी मूगडाळीची खिचडी, भात-ताक, केळं चालतं. उपाशी राहू नका. रिकाम्या पोटीही आतड्यात पाणी आणि वारा असतोच, आणि परत आल्यावर भुकेने एकदम जास्त खाल्लं की जेवणानंतरची घाई दुप्पट लागते.

लोपेरामाइडची गोळी शौच घट्ट करते आणि आतल्या कड्याचा ताणही थोडा वाढवते. लग्न, प्रवास अशा दिवशी डॉक्टर ती आधी घ्यायला सांगतात. ताप किंवा रक्त असलेल्या जुलाबांत ती घ्यायची नाही.

आणखी एक सापळा: वयस्कर माणसात कडक मलाचा गोळा आत अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं. घरच्यांना वाटतं जुलाब होताहेत, ते बंद करायची गोळी देतात आणि गोळा आणखी अडकतो. कोडीनचं सिरप, कमी पाणी, खाटेवरचा मुक्काम, हे सगळं असेल तर आधी डॉक्टरांना बोटाने तपासायला सांगा.

सहावी पायरी: आधी आवळा, मग खोका

चारचौघांत वारा सुटू नये म्हणून जो स्नायू आपण आत ओढतो, तोच हा. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, तो आत आणि वर ओढा, पाच सेकंद धरा, दहा सेकंद सोडा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढे धरायची वेळ दहा सेकंदांवर न्या. शेवटी दहा वेळा झटपट आवळा आणि सोडा, कारण खोकला सूचना देऊन येत नाही. कुल्ले आणि मांड्या ढिल्या ठेवा, आणि श्वास रोखू नका. मी मोठ्याने आकडे म्हणते, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. छाती भरलेली असेल त्या दिवशी सोडून द्या. फरक जाणवायला तीन महिने लागतात. आवळताना दुखत असेल किंवा शौच पूर्ण होत नसेल तर स्नायू ढिला नसून जास्तच ताठर असू शकतो. तेव्हा व्यायाम थांबवून ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा.

यातली खरी युक्ती वेळ साधण्याची आहे. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, आवळलेलं ठेवूनच खोकायचं. 1998 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी खोकताना लघवी गळणाऱ्या स्त्रियांवर हे तपासलं होतं. एका आठवड्याच्या सरावाने गळणं कमी झालं. मलाच्या बाबतीतही फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. घरी सराव करा: आवळा, एकदा खोटं खोका, सोडा. मग लागोपाठ दोनदा.

कफ काढायला दर वेळी जोरात खोकायची गरज नसते. आरशावर वाफ धरायला 'हाऽ' करतो तसा तोंड उघडं ठेवून श्वास बाहेर ढकला, दोन-तीनदा. कफ वर सरकतो आणि पोटावर दाब कमी येतो. उबळ आलीच तर बसून घ्या, थोडं पुढे वाका, मांड्या जवळ आणा. घसा नुसताच खवखवत असेल तर खाकरण्याऐवजी कोमट पाण्याचा घोट गिळा. आणि छाती मोकळी करायचे व्यायाम सकाळी शौच उरकल्यावरच करा.

सातवी पायरी: संडासात

नाश्ता-चहानंतर वीस-तीस मिनिटांनी आतडी आपणहून हलतात. रोज तीच वेळ धरा. भारतीय पद्धतीचा संडास चांगला, कारण उकिडवं बसलं की तो गोफणीसारखा स्नायू सैल होतो. गुडघे दुखत असतील तर कमोडसमोर पाट ठेवून पाय त्यावर घ्या. श्वास कोंडून कुंथू नका. दम्यालाही ते जड आणि तळाच्या स्नायूंनाही.

पाण्याने धुणं आपल्याकडे आहेच. नंतर घासू नका, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं किंवा साधं पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट लावा. सुवासिक ओले कागद त्वचेलाही बोचतात आणि वासाने छातीलाही.

कपडे खराब झाले की आपण घाबरून फिनेल, ॲसिड, ब्लीच जे हाताला लागेल ते ओततो, दार लावून, कोणाला कळू नये म्हणून. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दमेकऱ्यासाठी बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. नुसतं साबणाचं पाणी पुरतं. दार उघडं ठेवा.

बाहेर पडताना

मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो, एसटी आपल्या मर्जीने थांबत नाही. पिशवीत एक जादा आतला कपडा, पॅड, पाण्याची छोटी बाटली, बंद होणारी प्लास्टिकची पिशवी आणि आराम देणारा पंप, सगळं एकत्र ठेवा. काळ्या रंगाची सलवार हा माझा वैयक्तिक उपाय.

डॉक्टरांना काय म्हणायचं

'पोट ठीक नाही' म्हणाल तर पित्ताची गोळी घेऊन परत याल. असं म्हणा: "मला दमा आहे. खोकल्याच्या उबळीत शौच गळतं. महिन्यात इतक्या वेळा, इतक्या महिन्यांपासून." आणि वही पुढे ठेवा. बोटाने तपासणी होईल. दोन मिनिटांची असते आणि तिच्यातून बरंच कळतं. साखर आणि थायरॉइडच्या तपासण्या, गरज पडल्यास दुर्बीण. तीन महिन्यांच्या प्रयत्नांनी फरक नसेल तर गुदद्वाराचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि कडी दाखवणारी सोनोग्राफी करतात. त्यापुढे पडद्यावर आपला जोर पाहत शिकायचं बायोफीडबॅक, फाटलेलं कडं शिवणं, नसेला हलके विद्युत झटके देणारं यंत्र असे पर्याय आहेत, पण बऱ्याच जणांना तिथवर जावं लागत नाही.

समोर पुरुष डॉक्टर असतील आणि तोंड उघडेना, तर हे वाक्य कागदावर लिहून तो कागद टेबलावर सरकवा. मी तसंच केलं होतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "दिवसा जास्त की रात्री?"